दोनशे दहा रुपये

माझं काम जुळवण्याचं.
कर्वे रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर
खिडकीशी बसून मी स्थळं बघते.
एकीकडे पैसे, दुसरीकडे गरज.
आई लोकांना सांगते, "ती कॉम्प्युटरवर असते,"
आणि विषय बदलते.

आमच्या संकेतस्थळाला तीन गोष्टी कळतात:
विषय, तालुका, रक्कम.
त्यावरून ते टक्के काढतं,
गुरुजी गुण काढतात तसे,
फक्त नाडी बघत नाही.

द्रौपदाबाई लोंढ्यांचा अर्ज दिवाळीनंतर आला,
भाचीने मोबाइलवरून भरलेला.
"संस्थेचे ध्येय" या रकान्यात दोनच शब्द:
मुलं झोपावीत.
मार्केट यार्डाच्या मागे पत्र्याची एक खोली.
बाया रात्री दोनला कोथिंबीर निवडायला, गाळे झाडायला जातात,
पोरं तिथे ठेवतात, सातला नेतात.
कामाच्या वेळेचा रकाना
दहा ते सहाच्या बाहेरचं काही घेत नव्हता.
भाचीने लिहिलं, दहा ते सहा.
आणि खाली, इतर माहितीत: "वरचं खोटं आहे."

मागणी एकोणीस हजार चारशे.
गाद्या बारा, पाण्याचा पिंप, दाराला आतून कडी,
आणि एक दिवा, "पोरं उठणार नाहीत पण दिसेल असा".

आमच्याकडे किमान दोन लाख लागतात.
मी फोन केला, म्हटलं वाढवून लिहा ना,
पगार धरा, भाडं धरा, प्रशिक्षण धरा.
"कसलं प्रशिक्षण? झोपायचं?"
मग बराच वेळ मागे कुणीतरी खोकत राहिलं.

यंत्र म्हणालं, अनुरूप स्थळ नाही.
त्यातल्या त्यात जवळचे, एक्केचाळीस टक्के:
मुकुंद आठल्ये, बाणेर.
हवं होतं: टेकडीवर झाडं. देशी. जगतील अशी.

पान बंद करणार, तेवढ्यात
कुणीच बघत नाही तो रकाना दिसला.
शेवटची भेट, पहाटे २.४७.
त्याआधीची ३.१०.
त्याआधीची २.५२.
दीड वर्ष
हा माणूस रोज यादी उघडतो
आणि काही न निवडता मिटतो.

याचे टक्के काढायची सोय नाही.
दोन ओळी लिहून मीच अर्ज पाठवून दिला.

उत्तर पहाटेच आलं.
झाडांचा उल्लेख नाही, नोंदणी क्रमांक विचारला नाही.
"दिवा कुठल्या रंगाचा हवा?
पिवळा चालत असेल तर आमच्याकडे एक आहे.
आता लागत नाही."

तो दिवा त्यांनी स्वतः नेऊन दिला,
रात्री दोनला, रिक्षाने.
पैसे खात्यावर पूर्ण आले.
किमान रकमेचं साहेबांनी "अपवाद" लिहून निभावलं,
वर मला म्हणाले, सवय लावू नकोस.

मार्चमध्ये पाकीट आलं.
पावत्या टाचणीला टोचलेल्या, कडीचीसुद्धा,
आणि भाचीच्या अक्षरात:
दिवा मिळाला, सबब दिव्याचे धरलेले दोनशे दहा परत.
शंभराच्या दोन, दहाची एक.
दहाच्या नोटेला कोथिंबिरीचा वास.

परत आलेले पैसे घ्यायचं बटण आमच्याकडे नाही.
साहेब म्हणतात, देणगी म्हणून दाखव.
आठल्यांना विचारावं, तर त्यांच्या नावापुढे
शेवटची भेट अकरा दिवसांपूर्वीची.
झोपत असतील.
किंवा त्या वेळेला तिकडेच जात असतील,
मला काय माहीत.

नोटा खणात आहेत.
फॉर्म उघडाच आहे सकाळपासून,
देणाऱ्याचं नाव भरल्याशिवाय
पुढे जाऊ देत नाही.